लाल झग्यातला पोरगा

माझी पहिली दोन लेकरं गेली. एक सव्वा महिन्याचं होतं, एक दीड वर्षाचं. त्यांच्याबद्दल इथं जास्त लिहीत नाही. सांगायचं आहे ते तिसऱ्याबद्दल, कारण तो जगला.

तो झाला तेव्हा सासूनं माहूरच्या देवीला नवस बोलला. पाच वर्षं पुरी होईपर्यंत त्याच्या केसाला कात्री लावायची नाही. अंगात मुलीचा झगा, नाकात बारीक चमकी, दोन वेण्या, वेण्यांना फिती. पाच वर्षं झाली की गडावर जाऊन जावळ काढायचं आणि मग त्याला मुलगा म्हणायचं. तोवर ती मुलगी. आमच्या भागात ज्यांची लेकरं टिकत नाहीत ते असं करतात. मुलीवर कोणाची नजर जात नाही, असा त्यामागचा विचार. मी सासूला एकदा विचारलं, मला मुलगीच झाली असती तर ती आपोआप जगली असती का?

सासू म्हणाली, "तुले लई समजते, त दोन काऊन गमावले?"

केस वाढले तशी मी रोज सकाळी उठून त्याच्या वेण्या घालू लागले. घरात, गल्लीत सगळे त्याला बाई म्हणत. गावाला माहीत होतं तो मुलगा आहे, पण गावानंही नवस पाळला. मीही बाईच म्हणे. मनात मात्र तो मला कधी मुलगी वाटला नाही. न्हाऊ घालणारी मी होते.

आता त्याचा स्वभाव सांगते. जे हलेल त्याच्यामागं तो जाई. कोंबडी असो, सरडा असो, गाडीचं चाक असो, वाऱ्यानं फिरणारं पळसाचं पान असो. बाकीची लेकरं दहा पावलं गेली की मागं वळून बघतात, आई आहे का. हा बघत नसे. हाक मारली तर थांबत नसे. त्याला ऐकू येत नसावं म्हणून मी एकदा पाठीमागून थाळी वाजवली. तर धावत आला आणि माझ्या हातातली थाळी ओढू लागला. म्हणजे ऐकू येत होतं. माझी हाक तेवढी ऐकायची नव्हती.

आमचा मळा भाजीपाल्याचा. वांगी, मेथी, टमाटे, मिरच्या. मळ्यात विहीर, तिला कठडा नाही. नवऱ्याला म्हटलं, कठडा बांधा. तो म्हणे, बांधू. त्याच्या दोन्ही हाताला काम असे, हेही खरं. सासूच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला लेकराचा लाल झगा दिसे, पण तो जवळ आहे का लांब ते कळत नसे.

एकदा मी मेथी खुडत होते. मान वर केली तर हा विहिरीच्या काठावर उकिडवा बसलेला. खाली पाण्यात बेडूक पोहत होते, ते बघत होता. त्याची बोटं काठाच्या मातीत रुतली होती. हाक मारली तर तो दचकेल. धावले तर पायाच्या आवाजानं वळेल आणि वळताना तोल जाईल. मी मेथीच्या वाफ्यातून पोटावर सरपटत गेले. दहा-बारा हातांचं अंतर असेल. पोचले आणि मागून झगा धरून ओढला. तो रडला, बेडूक बघू दिले नाहीत म्हणून. मी त्याला दोन धपाटे घातले. मग त्याला काखेत घेऊनच उरलेली मेथी खुडली.

त्या दिवसापासून मी त्याला वासराच्या दाव्यानं बांधू लागले. दावं त्याच्या कमरेला आणि दुसरं टोक माझ्या कमरेला. वाफ्यातून पुढं सरकले की तो मागून ओढला जाई. काम निम्मं होई. पण तो होता.

बाजाराच्या दिवशी त्याला घरी ठेवणं शक्यच नव्हतं. सासूच्या भरवशावर ठेवला की तो विहिरीवर जाणार, हे मला माहीत होतं आणि सासूलाही. म्हणून तो माझ्याबरोबर बाजारहत्नूरच्या बाजाराला येई, वांग्यांच्या डालीवर बसून. तिथं मराठीपेक्षा तेलुगू आणि हिंदी जास्त चाले. माझी चुलत जाऊ आणि मी शेजारी शेजारी बसत असू. तिची पालेभाजी, माझी फळभाजी. दाव्याचं टोक मी डालीखाली दाबलेल्या दगडाला बांधत असे.

तो दिवस उन्हाळ्याच्या तोंडाचा. चिंच निघाली होती, बाजारात चिंचेचे ढीग लागले होते. गर्दी होती. कोणत्या तरी हापिसातल्या माणसाची बायको माझ्याकडं आली. साडी चांगली, हातात नायलॉनची पिशवी. ती तेलुगूवाली होती, माझ्याशी हिंदीत बोलली. वांगी निवडता निवडता तिचं दाव्याकडं लक्ष गेलं.

"अरे, बच्ची को जनावर के जैसा बांध के रखे? शरम नहीं आती?"

मागं उभ्या असलेल्या दोन बायका हसल्या. जावेनंही मान खाली घातली. मला लाज वाटली. त्या बाईला विहीर सांगायला हवी होती, बेडूक सांगायला हवे होते. तेवढी हिंदी मला येत नव्हती, आणि येत असती तरी मी सांगितलं नसतं. मी दावं सोडलं आणि त्याला मांडीजवळ उभा केला. "ले, सोडलं," म्हटलं. मग तराजू उचलला.

ती बाई दोन किलो वांगी घेत होती. एक वांगं किडकं निघालं, ते बदलून मागितलं. मी बदललं. तेवढ्यात माझ्यासमोरून एक सायकलवाला गेला. त्याच्या दांड्याला दोन्ही बाजूंनी कोंबड्या उलट्या टांगलेल्या, पंख फडफडवत होत्या. मी त्या कोंबड्या पाहिल्या. आजही मला आठवतं की मी त्या पाहिल्या, आणि माझ्या डोक्यात काही आलं नाही.

पिशवीत वांगी ओतली. खाली बघितलं. तो नव्हता.

मी पहिल्यांदा डालीमागं बघितलं. मग जावेच्या मागं. मग कापडवाल्याच्या पालाखाली. मग मी उभी राहिले आणि ओरडले. काय ओरडले? "महा पोट्टा! महा पोट्टा कोनी पाह्यला?"

अडीच वर्षं मी त्याला बाई म्हणत होते. त्या घटकेला तोंडातून जे खरं होतं तेच निघालं.

"केवढा व्हता?" मिरच्या विकणाऱ्यानं विचारलं.

"अडीच वर्साचा."

"नाई बा. पोट्टा नाई दिसला."

मी सायकलवाल्याच्या मागं धावले. तो बाजाराच्या पार टोकाला कोंबड्या उतरवत होता. त्यानं हात हलवले, म्हणाला कोणी नव्हतं मागं. मी त्याची सायकल हलवून बघितली, जसं काही लेकरू चाकात अडकलं असेल. तो चिडला. मला त्याचं काही वाटलं नाही.

बाजारात एक जडीबुटीवाला जीप लावून बसत असे. त्याच्याकडं भोंगा होता. मी त्याच्याकडं गेले. त्यानं औषधाची जाहिरात थांबवली, हे त्याचे उपकार.

"पोट्टा है या पोट्टी?"

"पोट्टा."

"कपडा?"

"लाल."

त्यानं भोंग्यातून हिंदीत सांगितलं, मग तेलुगूत सांगितलं. ढाई साल का लडका, लाल कपडा. मला बरं वाटलं. साऱ्या बाजाराला ऐकू गेलं, आता कोणीतरी घेऊन येईल. मी जीपजवळ उभी राहिले. कोणी आलं नाही. तो पुन्हा बोलला. एक माणूस एका रडणाऱ्या पोराला धरून आला, पण ते चार वर्षांचं होतं आणि त्याची आई मागून शिव्या देत आली.

मग मी चपला तिथंच सोडल्या आणि पालं धुंडाळत सुटले. एक माणूस मला आडवा आला. बैलगाडीवाला होता, आमच्याच बोलीचा. तो म्हणाला, "बाई, थ्या चिचवालीपाशी एक लहानशी पोट्टी बसून हाय. कोनाची हाय कोनाले मालूम. तुही त नाई?"

मी म्हटलं, "महा पोट्टा हाय, भाऊ. पोट्टी नोको सांगू मले."

"बरं बरं," तो म्हणाला आणि गेला.

हे मी माझ्या तोंडानं म्हटलं. पुढं कित्येक वर्षं मला हे वाक्य भाकरी थापताना, भांडी घासताना आठवे, आणि हातातलं काम थांबे.

मी ओढ्याकडं गेले. बाजारामागं ओढा होता, उन्हाळ्यात त्यात डोह तेवढे उरत. एका डोहाच्या काठाला काहीतरी लाल होतं. मी पाण्यात उतरले. ती मिरच्यांच्या पोत्याची फाटकी चिंधी निघाली. पाणी माझ्या छातीपर्यंत आलं होतं आणि मला पोहता येत नव्हतं. काठावरची माणसं ओरडली, बाहेर निघ. दोघं बांबू घेऊन आले आणि डोहाचा तळ चाचपू लागले. बांबू खाली जाई, चिखल ढवळे, वर येई. प्रत्येक वेळी मी त्या बांबूच्या टोकाकडं बघत असे. दुसरं करण्यासारखं माझ्या हातात काही नव्हतं. रडूही येत नव्हतं. एक माणूस दुसऱ्याला म्हणाला, "इतल्या वेळात वर आलं असतं." त्याला वाटलं मला ऐकू गेलं नाही.

भोंगा तिसऱ्यांदा बोलला. लडका, ढाई साल, लाल कपडा. ओढ्यापर्यंत ऐकू येत होतं.

तेवढ्यात माझी जाऊ धावत आली. तिनं आमच्या दोघींच्याही डाली शेजारच्या म्हाताऱ्याच्या हवाली केल्या होत्या. आधी दोनदा तिनं भोंग्याकडं कान दिला नव्हता, दोन्ही डालींवरचं गिऱ्हाईक ती एकटी बघत होती. तिसऱ्यांदा ऐकलं आणि उठली. काठावर उभी राहून ती मला शिव्याच देऊ लागली.

"अवं भवाने, पोट्टा पोट्टा काय करून राह्यली? झगा घातलेला, दोन येन्या घातलेल्या लेकराले कोन पोट्टा म्हनन? सारा बाजार पोट्टा पाहून राह्यला! पोट्टी म्हन, पोट्टी!"

मी पाण्यात उभी होते. मला चिंचवाली आठवली.

ओढ्यापासून चिंचेच्या ढिगापर्यंत कशी गेले ते सांगता येत नाही. तिथं तो बसला होता. मीठ आणि चिंच विकणाऱ्या तेलुगू म्हातारीच्या गोणपाटावर, तिच्या गुडघ्याला टेकून. तोंड चिंचेनं माखलेलं. चिंचोके एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकत होता. ती जागा माझ्या डालीपासून फार तर दोन ओळी पलीकडं होती. कोंबड्यांच्या मागं तो एवढाच गेला होता, मग चिंचोके दिसले आणि कोंबड्या विसरला.

मी त्याला उचलायला वाकले, तर म्हातारीनं माझा हात झटकला.

"कौन है तू?"

"महं लेकरू हाय. मेरा है."

"तेरा तो पोट्टा गुमा. मैं सुनी. तीन बार सुनी." तिनं त्याला जवळ ओढलं. "ये तो पोट्टी है. चल, जा."

मी छातीपर्यंत ओली, डोकं उघडं, पाय चिखलाचे. तिच्या जागी मी असते तर मीही दिलं नसतं. मला वाटलं लेकरू तरी माझ्याकडं झेप घेईल. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा वाटीत चिंचोके टाकले.

"देखा? पहचानती बी नहीं," म्हातारी जमलेल्या लोकांना म्हणाली.

जाऊ म्हणाली, "अवं मावशी, इचंच हाय. पोट्टाच हाय थो. नवसाचा हाय." म्हातारीला मराठी कळत नव्हतं. कोणीतरी तेलुगूत सांगितलं. ती हसली, म्हणाली असलं सांगून लेकरं पळवणारे खूप बघितले. गर्दीतला एक जण म्हणाला, चौकीत न्या. चौकीत नेलं असतं तर संध्याकाळ झाली असती, आणि तिथंही मला हेच विचारलं असतं.

मग मी पुढं होऊन त्याचा झगा वर केला. सगळ्यांसमोर.

लोक हसले. मोठ्यानं हसले. चिंचवालीनं कपाळावर हात मारला आणि तीही हसू लागली. तिनं त्याला माझ्याकडं दिला. त्याच्या गालावरून हात फिरवून तिनं स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली, आणि आम्ही निघताना मूठभर चिंच झग्याच्या ओट्यात टाकली. ती भली बाई होती. बाजारभर माझ्या नावानं भोंगा ओरडत असताना ती माझंच लेकरू राखत बसली होती, आणि मनातून त्या हरवलेल्या पोराच्या आईची कीव करत होती. हे तिनं त्या तेलुगू जाणणाऱ्या माणसाकरवी मला सांगितलं.

परत येताना गाडीत जाऊ माझ्या सासूबद्दल म्हणाली, "आत्याबाईले सांगू नोको."

मला ते तोवर सुचलंच नव्हतं. नवस असा होता की पाच वर्षं त्याला तोंडानं मुलगा म्हणायचं नाही. मी ते भोंग्यावरून तीनदा सांगितलं होतं, दोन भाषांत. वर झगा उचलून दाखवलं होतं.

घरी गेल्यावर सासूनं त्याच्या अंगावरून हात फिरवला. तिला नीट दिसत नव्हतं पण तिच्या हाताला सगळं कळे. "झगा वला काऊन हाय?"

"पानी सांडलं."

"तुहं लुगडं बी वलं हाय."

"वढ्यावर गेलती."

तिनं त्याचा ओला झगा काढला. मग म्हणाली, "कोनाची नजर त नाई ना लागली?"

"पोट्टीवर कोनाची लागते?" मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी त्याला ताप आला. मी देवधर्माला फारशी मानणारी नव्हते, पण ताप चढला तसा मला तो बाजार दिसू लागला, ती हसणारी माणसं, एकेक तोंड. खोटं बोलले नसते तर सासूनं काही उतारा केला असता. उताऱ्यानं ताप जातो असं मी म्हणत नाही. पण तिला करता आलं असतं. आता सांगावं तर ती विचारणार, तीन दिवस गप्प काऊन राह्यली? नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, चिंच खाल्ली म्हणून आला असेल. उटनूरला दवाखान्यात नेऊन सुई दिली. पाचव्या दिवशी उतरला. सुईनं उतरला की आपोआप उतरला, ते मला माहीत नाही. सासूला मी ती मरेपर्यंत सांगितलं नाही.

ताप उतरून दोनच दिवस झाले आणि बाजाराचा दिवस आला. वांगी काढून ठेवली होती, ती थांबणार नव्हती. विहिरीला अजून कठडा नव्हता. नवस फिटायला अजून अडीच वर्षं होती. मी सकाळी त्याच्या वेण्या घातल्या, फिती बांधल्या, झगा घातला. दुसरा काही उपाय असता तर केला असता.

आमच्या गाडीत त्या दिवशी गावातला एक गवंडी बसला होता. तो बेल्लमपल्लीला कामं करून आलेला, त्याला तेलुगू चांगली येई. मी त्याला म्हटलं, लेकरू हरपलं तर तेलुगूत कसं सांगायचं ते मले शिकव.

"पोट्टी हरपली म्हनून?"

"हव. पोट्टी. लाल झगा, दोन येन्या."

"एर्र गौनु, रेंडु जडलु," तो म्हणाला.

मी म्हटलं, पुन्हा सांग. त्यानं पुन्हा सांगितलं. जाऊ हसली, "आता काय मास्तरीन होते का?" मी तिच्याकडं लक्ष दिलं नाही. एर्र गौनु, रेंडु जडलु. मी ते बाजारापर्यंत घोकत गेले, घाबरल्यावर तोंडातून तेच निघावं म्हणून. तो माझ्या मांडीवरून बाहेर वाकून गाडीचं चाक बघत होता, आणि मी एका हातानं त्याची वेणी मनगटाला गुंडाळून धरली होती.